गाण्यातला ‘तू’

माझ्या बायकोचा नवा अल्बम आला त्या दिवशी तिला अभिनंदनाचे फोन आले आणि मला सांत्वनाचे.

सुरुवात शेजारच्या माणिकरावांनी केली. “दुर्गे साहेब,” ते कुंपणावरून म्हणाले, “ऐकलं आमी. सगळं ऐकलं. आता तुमी मन मोठं करा.”

मी दात घासत होतो. तोंडात फेस असताना माणसाला मन मोठं करता येत नाही. चूळ भरून मी विचारलं, “काय झालं?”

“काय झालं ते तुमालेच माहीत. आमी कोन विचारनारे?” असं म्हणून त्यांनी मान हलवली. माणिकरावांचं आयुष्य तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादच्या कापूस बाजारात गेलं. ओला कापूस दिसला की ते अशीच मान हलवायचे म्हणतात. निवृत्त झाल्यापासून ती मान आमच्या गल्लीच्या वाट्याला आली आहे.

आता मुद्द्याचं सांगतो. तुम्ही आदिलाबादकडचे असाल आणि दहा-बारा वर्षांपूर्वी तुमचं लग्न झालं असेल, तर तुमच्या वरातीत माझी बायको वाजलेली आहे. ‘सरक जरा, सरक जरा, गाडी येते कापसाची’ हे पॉप गाणं सुनयनाचं. त्या काळी यवतमाळपासून चंद्रपूरपर्यंत एकही नवरदेव त्या गाण्याशिवाय घोड्यावरून उतरत नव्हता. मग तिने गाणं सोडलं आणि ती शाळेत पोरांना पाढे शिकवायला लागली. का सोडलं हे मी विचारलं नाही. मला वाटलं, नोकरी लागल्यावर माणूस सगळंच सोडतो.

आणि यंदा एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “मी परत गानार हाय. पन आता आतलं गानार.”

“आतलं म्हणजे?”

“आतलं म्हंजे आतलं.”

मी महसूल खात्यात कारकून आहे. आमच्याकडे दरख्वास्त एक तर दाखल होते, नाही तर खारीज. आतलं आणि बाहेरचं असा रकाना निजामाच्या काळापासून कुणी पाडलेला नाही. तरी मी “बरं” म्हणालो. संसारात मी “बरं” हा शब्द सही-शिक्क्यासारखा वापरतो.

तिच्या जोडीला हर्षदीप नावाचा कीबोर्डवाला आला. अंगाने काटकुळा, केस खांद्यापर्यंत, आणि बोलताना प्रत्येक शब्दानंतर इतका थांबणारा, की याचं बोलणं संपलं की सुरू व्हायचं आहे हे कळू नये. दोघांनी मिळून ‘आतली खोली’ नावाचा अल्बम केला. आठ गाणी, सगळी संथ. आणि प्रत्येक गाण्यात एक ‘तू’ होता. पहिलंच गाणं असं:

एका घरात राहून तुला मी ओळखलंच नाही,
रोज हाक मारली, पण तू ओ दिलीच नाही.
तू गप्प बसणं शिकून घेतलं, मी विचारणं सोडलं,
आतल्या खोलीचं दार मग कोणीच नाही उघडलं.

गल्लीने हे गाणं मोबाइलवर ऐकलं आणि निकाल दिला. एका घरात राहणारा, ओ न देणारा, गप्प बसणारा माणूस सगळ्यांना ठाऊक होता. तो सकाळी दात घासताना दिसायचा.

ऑफिसातही तेच. ज्या सहकाऱ्याने कधी मला स्वतःची खुर्ची दिली नाही, त्याने खुर्ची दिली आणि हळूच म्हणाला, “बायकोसंगं थोडं बोलत जा ना बापा.” मी बोलतो! रोज बोलतो! गॅस संपला का, पाणी आलं का, हे बोलणं नाही तर काय आहे?

शेवटी मी माणिकरावांसमोर बचाव मांडला. बचाव पक्का होता. “तुम्हीच सांगा, सुनयना मला काय म्हणते? ‘तुमी’ म्हणते. लग्नापासून तिने मला एकदाही ‘तू’ म्हटलेलं नाही. म्हणजे गाण्यातला ‘तू’ मी असूच शकत नाही.”

माणिकरावांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “मंग तो ‘तू’ कोन, दुर्गे साहेब?”

एवढं बोलून त्यांनी आमच्या फाटकाकडे पाहिलं. तिथे हर्षदीपची मोटारसायकल उभी होती.

मी घरात येऊन पलंगावर बसलो. मामला सरळ होता. ‘तू’ मी असेन, तर मी निष्ठुर नवरा. ‘तू’ मी नसेन, तर त्याहून वाईट. दोन्ही बाजूंचा पूर्ण विचार करून मी निष्ठुर नवरा व्हायचं ठरवलं. त्यात निदान घर आपलं राहतं.

तुम्ही म्हणाल, बायकोला सरळ विचारायचं ना. विचारणार होतो. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पण ती “हो, तुमीच” म्हणाली तर? आणि “नाही” म्हणाली तर? मी पाणी पिऊन परत आलो.

दौऱ्याची कल्पना माणिकरावांचीच. “अल्बम नुसता मोबाइलमंदी ठेवून काय फायदा? कापूस घरात ठेवला तं भाव येते काय? दौरा पायजे.” सुनयनाला ते पटलं. वांकिडी, बेज्जूर आणि शेवटी आदिलाबाद असं ठरलं. जिल्ह्याचे तुकडे होऊन पहिली दोन गावं दुसऱ्या जिल्ह्यात गेली, पण आमच्या तोंडी सगळं अजून आदिलाबादच आहे. मी रजा टाकली आणि दौऱ्याचा मॅनेजर झालो. संगीताच्या प्रेमापोटी नव्हे. जीपमध्ये सुनयना आणि हर्षदीप यांच्यामधली जागा रिकामी राहू नये म्हणून.

मॅनेजरचं पहिलं काम म्हणजे माईकची परवानगी. खिडकीमागच्या साहेबांना मराठी येत नव्हतं, मला तेलुगू कामापुरतं येतं, म्हणून आम्ही दोघंही मोडक्या हिंदीत उतरलो.

“शादी है?”

“नहीं साब.”

“जयंती?”

“नहीं.”

“देवी का?”

“नहीं साब. मेरी मिसेस का गाना है. अंदर का गाना है.”

साहेबांनी चष्मा काढला. “अंदर का है तो अंदरच गाओ ना. बाहर मैक कायकू होना?”

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. शेवटी साहेबांनाच दया आली. जनजागृतीचा कार्यक्रम असेल तर लवकर होतं, असं ते म्हणाले. मी विचार केला आणि माझ्या कामापुरत्या तेलुगूत अर्जात लिहिलं, ‘मनाच्या आरोग्यासाठी गाणी’. शिक्का बसला. मी स्वतःवर खूश होऊन बाहेर पडलो. माझी नोकरीच अर्जांवरची आहे, आणि तरीही अर्जातला एक शब्द पुढे काय करू शकतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तोवर बॅनर लागले होते. मजकूर मीच दिला होता. वर मोठ्या अक्षरात ‘आतली खोली’, खाली ‘संपर्क: धम्मपाल दुर्गे’ आणि माझा नंबर. सुनयनाचा फोटो टाकायचं छापणाऱ्याच्या लक्षात राहिलं नाही. दुपारी पहिला फोन आला.

“हॅलो, आतली खोली के लिए फोन किया. बाथरूम अटॅच है क्या?”

मी म्हटलं, “ये अल्बम है.”

“एल्बम नको, रूम होना. हम दो लोग हैं, फॅमिली नहीं.”

त्यानंतर दिवसभर फोन. एका बाईने बोअरचं पाणी आहे का विचारलं, एकाने खोलीत खिडकी आहे का विचारलं. मी शेवटी चिडून म्हणालो, “नाही, खिडकी नाही, दारही बंद आहे, कोणीच उघडत नाही!” पलीकडचा माणूस घाबरून म्हणाला, “मंग राहू द्या भाऊ,” आणि त्याने फोन ठेवला.

पहिला कार्यक्रम वांकिडीला. वांकिडी सुनयनाचं माहेर, त्यामुळे गर्दी झाली. पोरं शिट्ट्या वाजवायच्या तयारीने, पांढरे बूट घालून पुढे उभी होती. सुनयना आली, टाळ्या झाल्या, हर्षदीपने एक सूर दाबून ठेवला आणि ती डोळे मिटून गायला लागली. पोरांनी नाचायला उचललेले पाय हळूहळू खाली ठेवले. गाणं संपलं. पुढच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्याने मला जवळ बोलावलं. “गानं सुरू कवा होनार?”

“आत्ताच एक झालं, बाबा.”

“असं का? मले वाटलं, मशीन तपासून राह्यले.”

त्यातच माझ्या सासूबाई, भागाबाई, यांनी मला खुणेने मांडवामागे नेलं. सासूबाई एरवी माझ्यापुढे डोक्यावरचा पदर सरळ करून मगच बोलतात. त्या दिवशी पदर खोचलेला होता.

“जवाईबापू, खरं सांगा. तुमी माह्या पोरीले ओ देत नाई?”

“देतो ना, आई.”

“मंग ते काऊन गाऊन राह्यली तसं? सगळ्या गावापुढं? तिचा बाप असता तं...” त्यांचे डोळे भरले.

माझ्यापुढे पुन्हा तेच दोन दरवाजे होते: निष्ठुर नवरा, नाही तर त्याहून वाईट. मी मान खाली घातली आणि म्हणालो, “यापुढं देत जाईन.”

न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिल्यावर माणसाला हलकं वाटतं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. सासूबाईंनी मला जेवायला वाढलं, पण तूप वाढलं नाही. हर्षदीपच्या ताटात वाढलं.

बेज्जूरला आम्ही पोचलो तेव्हा मैदानात बायामाणसांची लांबच लांब रांग लागली होती. मला भरून आलं. जंगलाकडच्या गावात, प्राणहितेच्या काठावर, आतल्या गाण्याला एवढी रांग! मी सुनयनाला म्हणालोही, “बघ, रसिक इथे आहेत.” जवळ गेलो तर प्रत्येकाच्या हातात औषधांच्या पिशव्या. कुणाच्या गुडघ्याला पट्टी, कुणाच्या डोळ्याला हात. ‘मनाच्या आरोग्यासाठी गाणी’ आदिलाबादहून बेज्जूरला येईपर्यंत वाटेत ‘मनाच्या’ गळालं होतं आणि पुढे ‘गाणी’ही. उरलं होतं फक्त आरोग्य.

“डाक्टर कोनते?” रांगेतल्या पहिल्या म्हातारीने विचारलं. तिचं नाव राहीबाई. नदीपलीकडच्या लेकीकडून ती खास यासाठी आली होती. हर्षदीपच्या गळ्यात हेडफोन होता. तिने सरळ त्याच्यापुढे बसून गुडघा उघडा केला. हर्षदीप म्हणाला, “मी...” आणि सवयीने थांबला. तेवढ्यात त्याच्यापुढे आणखी चार गुडघे आले.

मी म्हणालो, “सुनयना, चल, निघू. हे लोक मारतील.”

सुनयनाने माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि माईक हातात घेतला. “मावश्याहो, काकाहो, डाक्टर नाई आले. चूक आमची झाली. इतक्या दूर आल्या, तं बसा. मले गोया-औषध देता येत नाई, गाता येते.”

काही लोक रागावून गेले. बरेच थांबले. मला वाटतं, चालून पाय दुखत होते म्हणून. सुनयनाने तेच पहिलं गाणं म्हटलं. मी मैदानाच्या टोकाला उभा राहून, अंगावर कोणी धावून येतं का ते पाहत होतो. कुणी आलं नाही. गाणं संपल्यावर राहीबाई उठली, लंगडत पुढे गेली आणि सुनयनाचा हात धरून म्हणाली, “पोरी, मीबी अशीच हाका मारत राह्यली वो. कोनाले मारत होती, तेच भुलली.”

मी चक्रावलो. राहीबाईचा नवरा तर तिच्याबरोबरच आला होता आणि मागे बसून ओ देत होता. त्याने दोनदा “काय वो?” विचारलंसुद्धा.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी मधल्या जागेवर बसून ठरवलं की आता पुरे. आदिलाबादला सगळी गल्ली असेल, ऑफिस असेल. तिथे मी माझी बाजू मांडणार.

आदिलाबादचा कार्यक्रम संध्याकाळी एका मंगल कार्यालयाच्या अंगणात होता. प्रास्ताविक मॅनेजरचं असतं. मी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून माईकसमोर गेलो. पुढच्या रांगेत माणिकराव, मागे ऑफिसातली मंडळी, कडेला वांकिडीहून आलेल्या सासूबाई.

“मंडळी,” मी म्हणालो, “कार्यक्रमाआधी एक खुलासा. या गाण्यांत जो कोणी ‘तू’ आहे, तो मी नाही.”

अंगणात शांतता पसरली. मला वाटलं, छान. मग ती शांतता थोडी जास्तच झाली. मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं.

“मंग कोन?” माणिकरावांनी पुढच्या रांगेतून विचारलं. दबक्या आवाजात बोलायची त्यांना सवय आहे, पण अंगण इतकं गप्प होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

तेवढ्यात हर्षदीप उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो न थांबता पूर्ण वाक्य बोलला. “मी पण नाही!”

त्याला कुणी विचारलंही नव्हतं. आता मात्र सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सासूबाई उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. मी माईकमध्ये “तसं नाही, तसं नाही” एवढंच म्हणत राहिलो. ते सगळ्या मोहल्ल्यात ऐकू गेलं, असं मला नंतर कळलं.

सुनयना आली आणि तिने माझ्या हातातून माईक घेतला. “बसा तुमी,” ती म्हणाली. जवळ खुर्ची नव्हती, म्हणून मी स्पीकरवर बसलो.

ती लोकांकडे वळली. “हा ‘तू’ कोनी मानूस नाई. मीच हाय. तुमाले ते कापसाच्या गाडीचं गानं गानारी पोरगी आठवते? तिले मी हाका मारून राह्यली. ती माह्याच घरात असते, पन ओ देत नाई. कवा गप्प झाली, मलेबी समजलं नाई. तिचे गाने हायत हे. माह्या घरच्या मानसाबद्दल यात एक बी गानं नाई.”

“एक बी नाई?” हे मी विचारलं. स्पीकरवरून, सगळ्यांसमोर.

“एक बी नाई,” ती म्हणाली.

लोक हसले. माझी सुटका झाली होती. मी निष्ठुर नव्हतो, फसलेला नव्हतो. सासूबाई खाली बसल्या, माणिकरावांनी मला लांबूनच हात जोडले. मग मला आनंद का झाला नाही? आठ गाणी! एका गाण्यात पाऊस आहे, एकात शाळेची घंटा आहे, एका गाण्यात चक्क डास आहे. आणि एवढ्या वर्षांचा नवरा कुठेच नाही.

मागून एक जण ओरडला, “ताई, कापसाची गाडी म्हना!”

“गाडी गेली, दादा,” सुनयना म्हणाली. “हे ऐका.”

आणि ती गायली. काही जण उठून गेले, पण बरेच राहिले, आणि जे राहिले त्यांच्यात कुणी मोबाइल पाहत नव्हतं. शेवटी टाळ्या एकदम नाही वाजल्या. एकाने सुरू केल्या, मग दुसऱ्याने, आणि बराच वेळ चालल्या. सुनयनाने डोळे उघडून पाहिलं. तसा चेहरा मी तिचा घरात पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न बोलता प्यायलो. माझ्या न बोलण्यात आणि रोजच्या न बोलण्यात फरक आहे, हे तिला कळावं म्हणून कप जरा जोरात ठेवला.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. डासाला जागा मिळाली, एवढंच.”

ती पाहत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. “तुमी हाय ना. सातव्या गान्यात.”

“मी? काय करतो मी?”

“खोकलता.”

सातवं गाणं तिने इथेच, स्वयंपाकघरात, मोबाइलवर गुणगुणून ठेवलं होतं. हर्षदीपला तो आवाज इतका आवडला की त्याने तोच घेतला. मध्येच बाहेरच्या खोलीतून मी खोकललो होतो. “तो काढून टाकतो म्हने,” सुनयना म्हणाली. “मीच म्हनलं, राहू दे.”

“काऊन?”

ती कप उचलत म्हणाली, “घरात कोनी असल्यासारखं वाटते.”

मी मोबाइल घेऊन अंगणात गेलो. माणिकराव कुंपणापाशी होतेच. मी त्यांना सांगितलं की अल्बममध्ये मीही आहे, सातव्या गाण्यात, आणि हे आपण पुराव्यानिशी दाखवतो. दोघांनी कुंपणावर वाकून मोबाइलला कान लावला. सुनयनाचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी, आणि मग खोकला. स्वच्छ, ठसठशीत.

“सर्दी होती काय?” माणिकरावांनी विचारलं.

माझं काम झालं होतं. गाणं बंद करायला मी बोट पुढे नेलं. पण खोकल्यानंतर गाणं अजून बरंच बाकी होतं. तिन्ही कार्यक्रमांना मी हजर होतो, तिने हे गाणं तिन्ही ठिकाणी म्हटलं असणार, आणि तरी मला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटत होतं. त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. माणिकराव पुन्हा काहीतरी विचारायला लागले.

“थांबा हो,” मी म्हणालो, “ऐकू द्या जरा.”